देशोदेशी फुटबॉल प्रशिक्षक: लायसन्सपासून निरोपापर्यंत

परदेशातून पहिला प्रस्ताव आला की बहुतेक प्रशिक्षक त्या संघाचे जुने सामने बघत बसतात. ते काम आठवडाभर थांबू शकतं. या पेशात आज ना उद्या हातात नारळ पडतोच, आणि परक्या देशात तो पडला की घर, गाडी, व्हिसा, मुलांची शाळा सगळं एकाच दिवशी सुटतं. म्हणून निघायचं कसं, हे जाण्याआधी कागदावर ठरलेलं हवं. रूडी गुटेनडॉर्फ यांनी ३० हून अधिक देशांत संघ सांभाळले. बोरा मिलुटिनोविच विश्वचषकात पाच वेगवेगळ्या देशांचे प्रशिक्षक होते: मेक्सिको (१९८६), कोस्टा रिका (१९९०), अमेरिका (१९९४), नायजेरिया (१९९८) आणि चीन (२००२). इतक्या वेळा रुजू होणं म्हणजे इतक्याच वेळा निघणंही आलं.

लायसन्स आणि कागद

युरोपात युएफा आणि आशियात एएफसी या फुटबॉल महासंघांची प्रशिक्षकाच्या लायसन्सची शिडी साधारण सारखी आहे: सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. वरच्या डिव्हिजनमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून नोंदणी व्हायची तर बहुतेक ठिकाणी प्रो लागतं. प्रस्ताव आल्यावर हा कोर्स करता येत नाही. त्याला कित्येक महिने लागतात आणि प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात. म्हणून सहाय्यक असतानाच पुढच्या पायरीचा अर्ज करून ठेवा.

लायसन्स मिळालं की काम संपलं, हा समज महागात पडतो. युएफाचं लायसन्स तीन वर्षांचं असतं आणि नूतनीकरणासाठी त्या काळात किमान १५ तासांचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. दूरच्या देशात दोन हंगाम काढले की हे तास राहून जातात आणि तिसरा प्रस्ताव आला की लक्षात येतं, मुदत गेल्या महिन्यातच संपली. मुदतीची तारीख पासपोर्टच्या मुदतीशेजारी लिहून ठेवा. एका खंडाचं लायसन्स दुसऱ्या खंडात आपोआप चालेल असंही धरू नका. मान्यतेची चौकशी ज्या राष्ट्रीय संघटनेने लायसन्स दिलं तिच्यामार्फत करावी लागते आणि त्यात आठवडे जातात.

लायसन्स कमी पडलं की काही क्लब एक पळवाट सुचवतात. कागदावर मुख्य प्रशिक्षक म्हणून स्थानिक माणसाचं नाव आणि तुम्ही ‘टेक्निकल डायरेक्टर’. ही ऑफर घेऊ नका. एक तर सामन्याच्या वेळी साइडलाइनवर उभं राहून सूचना देताना पंच तुम्हाला मागे पाठवू शकतो. दुसरं जास्त गंभीर आहे: पुढे पगारावरून वाद झाला, तर फिफाच्या नियमांत ‘प्रशिक्षक’ म्हणून मिळणारं संरक्षण तुम्हाला लागू होतं का, इथूनच भांडण सुरू होतं.

पदवी, लायसन्स, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले यांच्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून घ्या. जो देश १९६१ च्या हेग अपोस्टिल करारात नाही, तिथे वकिलातीकडून साक्षांकन लागतं आणि त्याला जास्त वेळ जातो. पोलिसांचा चारित्र्य दाखला सगळ्यात शेवटी काढा, कारण त्याची मुदत थोड्या महिन्यांची असते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत पिवळ्या तापाच्या लसीचा पिवळा दाखला विमानतळावरच मागतात. तो लस घेतल्यापासून दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि मग आयुष्यभर चालतो. पर्यटक व्हिसावर जाऊन सराव सुरू करू नका, ‘दोन आठवड्यांत करून देतो’ असं क्लबने कितीही सांगितलं तरी. बेकायदा काम केल्याचा शिक्का तुमच्या पासपोर्टवर बसतो, क्लबवर नाही.

पहिली नोकरी कशी मिळते

सहाय्यकाचा रस्ता सगळ्यात खात्रीचा. एर्व्ह रेनार हे क्लोद ल रॉय यांच्यासोबत घानाच्या राष्ट्रीय संघात सहाय्यक होते. तिथून २००८ मध्ये झाम्बियाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पुढे २०१२ मध्ये झाम्बियाला, २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टला आफ्रिकेचा करंडक मिळवून दिला. पिम फरबेक २००२ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाकडे गुस हिडिंक यांचे सहाय्यक होते. पुढे ते स्वतः कोरियाचे आणि मग ऑस्ट्रेलियाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सहाय्यकाला देश आतून कळतो, संघटनेतली माणसं ओळखीची होतात, आणि मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली की पहिला फोन कधीकधी त्यालाच येतो.

दुसरा रस्ता लहान देशातल्या लहान क्लबचा. रॉय हॉजसन १९७६ मध्ये स्वीडनच्या हाल्मस्टाडला गेले तेव्हा त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्याच हंगामात त्यांनी लीग जिंकली आणि नंतर स्वित्झर्लंड, इटली, डेन्मार्क, अमिराती, नॉर्वे, फिनलंड अशी वाट उघडत गेली.

अर्जासोबत एक पानाची माहिती, लायसन्सची प्रत, सरावाचे दोन प्रत्यक्ष आराखडे आणि चार-पाच मिनिटांची चित्रफीत पुरते. चित्रफितीत गोल दाखवू नका, ते खेळाडूंचे असतात. तुम्ही सराव थांबवून चूक सुधारताय, आणि पुढच्याच मिनिटाला खेळाडू ती गोष्ट बरोबर करतोय, एवढं दिसू द्या. वेळही बघा. युरोपातल्या बहुतेक लीग ऑगस्ट ते मे चालतात, स्वीडन-नॉर्वेसारख्या उत्तरेकडच्या वसंतापासून शरदापर्यंत. त्यामुळे वर्षातून दोनदा जागा निघतात आणि दोन्हींची यादी हाताशी ठेवणाऱ्याला जास्त संधी मिळते.

एजंट घेतलात तर त्याच्याकडे फिफाचं लायसन्स आहे का हे आधी तपासा. प्रशिक्षकाशी त्याचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असू शकतो. सही करण्याआधी पैसे मागणारा ‘मध्यस्थ’ सरळ नाकारा.

होकार देण्याआधीची चौकशी

गेल्या पाच वर्षांत क्लबने किती प्रशिक्षक बदलले ते मोजा. त्यातल्या शेवटच्या दोन परदेशी प्रशिक्षकांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: शेवटचा पगार कधी मिळाला? थकबाकीमुळे खेळाडू नोंदवायला बंदी असलेल्या क्लबांची यादी फिफा जाहीर करते, ती पाहा. बंदी असलेल्या क्लबकडे गेलात तर दोन अडचणी एकदम येतात: नवे खेळाडू मिळत नाहीत आणि पगार बुडायची चिन्हं आधीपासूनच दिसत असतात.

करार

घोडं पेंड खातं ते इथे. फिफाच्या खेळाडूंसंबंधीच्या नियमावलीत १ जानेवारी २०२१ पासून प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यानुसार वर्क परमिट मिळालं नाही किंवा लायसन्स पुरेसं नाही या कारणाने करार रद्द ठरत नाही. ही चौकशी क्लबने सहीच्या आधी करायची असते. पगार उशिरा देण्यासाठी क्लबला जादा दिवस देणारं कलमही ग्राह्य धरत नाहीत. हे नियम आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या वादाला लागू होतात. म्हणजे ज्या देशात काम करताय त्याच देशाचं नागरिकत्व तुमच्याकडे असेल, तर फिफाचं दार बंद होऊ शकतं.

पगाराचं कलम असं लिहून घ्या: रक्कम, चलन, ‘करवजा जाता हातात’ हे शब्द, दर महिन्याची ठरलेली तारीख आणि खातं. कर क्लब भरणार असेल तर ‘भरल्याची सरकारी पावती दर वर्षी देईल’ हेही जोडा. पावती नसेल तर दोन वर्षांनी कर खातं तुमच्याच दारात येतं. अनेक देशांत वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही करासाठी तिथले रहिवासी ठरता, त्यामुळे मायदेशाशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे का हे सहीआधी एखाद्या कर सल्लागाराला विचारा. पगाराचा मोठा भाग ‘इमेज राइट्स’च्या (तुमचं नाव-छायाचित्र वापरण्याच्या हक्कांच्या) वेगळ्या करारात घालायला क्लब सुचवतात. कर वाचतो, पण वादात तो भाग पगार म्हणून सिद्ध करणं कठीण जातं.

बोनसच्या ओळीत संदिग्धता ठेवू नका. ‘पहिल्या चारांत आल्यास’ म्हणजे साखळी संपल्यावर की प्ले-ऑफनंतर? तुम्हाला मार्चमध्ये काढलं आणि संघ मेमध्ये चौथा आला तर? यांची उत्तरं कलमातच हवीत.

आता काढून टाकण्याचं कलम. समजा करार २४ महिन्यांचा, पगार महिना १०,००० युरो, आणि नवव्या महिन्याअखेरीस क्लबने योग्य कारणाशिवाय काढलं. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर उरलेल्या १५ महिन्यांचे १,५०,००० युरो हा हिशेबाचा पाया. त्या काळात तुम्ही दुसरीकडे १२ महिने ६,००० युरोवर काम केलंत, तर ७२,००० वजा होऊन ७८,००० उरतात. पण करारात ‘क्लब दोन महिन्यांचा पगार देऊन करार संपवू शकेल’ ही एक ओळ असेल, तर तुम्हाला मिळतात २०,०००. नऊ-दहा पानांत एकच ओळ, फरक ५८,००० चा. अशी ठरावीक रक्कम घालायचीच असेल तर निदान सहा महिन्यांच्या पगारावर अडून बसा, आणि तुम्ही सोडून गेलात तर तुम्हीही तेवढीच द्याल हे मान्य करा. दोन्ही बाजूंना सारखी असलेली रक्कम टिकते. ‘सलग तीन पराभव झाल्यास करार आपोआप संपेल’ असलं वाक्य दिसलं तर ते काढल्याशिवाय पुढे बोलू नका.

कामाचं वर्णनही नेमकं हवं. अंतिम संघ कोण निवडतो, खेळाडू खरेदीत तुमचं मत बंधनकारक की सल्ल्यापुरतं, हे लिहा. ‘व्यवस्थापन सांगेल ते काम’ असं लिहिलं असेल तर उद्या तुम्हाला १५ वर्षांखालील मुलांकडे पाठवून पहिल्या संघात दुसरा माणूस आणता येतो. तुम्ही नकार दिला की काम नाकारल्याचा ठपका तुमच्यावरच.

घराचं भाडं, वर्षाला कुटुंबासाठी विमानाची किती तिकिटं, वैद्यकीय विमा आणि त्यात आजारपणात मायदेशी नेण्याचा खर्च, मुलांच्या शाळेची फी, हे सगळं रकमेसह. सहाय्यक बरोबर नेत असाल तर प्रत्येकाचा स्वतंत्र करार करा. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कुठली प्रत चालेल ते लिहा, आणि वाद फिफाच्या फुटबॉल ट्रायब्युनलकडे जाईल हेही. क्लबतर्फे सही करणाऱ्या माणसाला तो अधिकार आहे का हे विचारणं उद्धटपणाचं नाही. तोंडी आश्वासनं म्हणजे बोलाची कढी. अध्यक्ष बदलला की ती कुणालाच आठवत नाहीत.

पगार थांबला तर

पहिला महिना चुकला की त्याच आठवड्यात लेखी आठवण द्या, सौम्य शब्दांत. किमान दोन महिन्यांचे पगार थकले की औपचारिक नोटीस पाठवा: कुठल्या महिन्यांची किती रक्कम, ती कधी देय होती, खात्याचा क्रमांक, आणि भरण्यासाठी किमान १५ दिवसांची मुदत. करारात दिलेल्या ईमेलवर पाठवा, कुरियरनेही पाठवा, पोचपावती ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्यावर विसंबू नका. ही मुदत संपूनही पैसे आले नाहीत, तरच तुम्ही योग्य कारणाने करार संपवू शकता. थकलेल्या पगारामुळे करार संपला तर भरपाईत साधारण तीन महिन्यांच्या पगाराची भरही पडू शकते.

बहुतेक प्रशिक्षक हरतात ते या १५ दिवसांत. रागाच्या भरात सरावाला जाणं बंद करतात किंवा विमान पकडून घरी जातात, आणि क्लबला ‘यांनीच काम सोडलं’ म्हणायला मोकळीक मिळते. रोज वेळेवर मैदानावर जा. दारावर अडवलं तर वेळेसकट फोटो काढा आणि त्याच दिवशी ईमेल करा: मी कामाला हजर होतो, मला आत सोडलं नाही, मी उद्याही येईन.

फिफाच्या ट्रायब्युनलकडे दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो आणि प्रशिक्षकाला त्याची फी पडत नाही. निकालानंतर ४५ दिवसांत क्लबने पैसे दिले नाहीत तर नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी येऊ शकते, आणि क्लबला खरा धाक या बंदीचाच असतो. निकालाविरुद्ध लोझानच्या क्रीडा लवादाकडे जायचं तर कारणांसह निर्णय मिळाल्यापासून २१ दिवस असतात. तिथला खर्च मात्र मोठा आहे.

पहिले तीस दिवस

खेळाडूंना भेटण्याआधी तिघांना भेटा: डॉक्टर, फिजिओ आणि किटमन (संघाचे कपडे-साहित्य सांभाळणारा). किटमनला ड्रेसिंग रूममध्ये कोण कुणाशी बोलत नाही हे माहीत असतं. दुखापतींची मागच्या दोन हंगामांची यादी मागून घ्या. ती मिळाली नाही तर पहिल्या आठवड्यात जोराची शारीरिक चाचणी घेऊ नका. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच आठवड्यात खेळाडूंच्या मांडीचे स्नायू फाटतात, कारण खेळाडू जागा टिकवायला जीव तोडून पळतात आणि त्यांच्यामागे किती सराव झालाय हे त्याला माहीत नसतं. उष्ण हवेत तर शरीराला रुळायला १० ते १४ दिवस लागतात, तुमच्या बाहेरून आलेल्या खेळाडूंनाही. रमझानच्या महिन्यात सराव इफ्तारनंतर रात्री ठेवा.

पहिला सराव ७० मिनिटांच्या आत आटपा. १२ मिनिटं वॉर्म-अप. मग १० बाय १० मीटरच्या चौकोनात पाच विरुद्ध दोन, तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या. मग ५० बाय ४० मीटरवर सात विरुद्ध सात, सहा मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. शिकवू नका, बघा. कोण ओरडून जागा सांगतो, चेंडू गेल्यावर कोण तीन पावलं मागे धावतो, कोण चेंडू मागायचं टाळतो. हे कळायला भाषा लागत नाही.

भाषेचं मात्र पहिल्या दिवसापासून मनावर घ्या. मैदानावरचे हे दहा शब्द आधी शिका: वळ, माणूस मागे आहे, एकटा आहेस, बाहेर, आत, दाब, थांब, मागे या, वर या, पलीकडे. हे दुभाष्याकडून जाऊन चालत नाहीत, त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत चेंडू गेलेला असतो. दुभाष्या फुटबॉल कळणारा हवा. २००४ ला ग्रीसला युरोपचं विजेतेपद मिळवून देणारे ऑटो रेहागल यांचं बोलणं खेळाडूंपर्यंत पोचवत होते त्यांचे सहाय्यक इओनिस टोपालिडिस, आणि ते स्वतः प्रशिक्षक होते. क्लबच्या कार्यालयातला इंग्रजी येणारा माणूस शब्द बरोबर सांगतो, पण तुमचा चढलेला आवाज सौम्य करून टाकतो. दुभाष्याला शेजारी, अर्धं पाऊल मागे उभं करा. आठ-दहा शब्दांचं वाक्य बोला, थांबा, आणि तो बोलत असताना त्याच्याकडे नाही, खेळाडूंच्या डोळ्यांकडे बघा.

मध्यंतराचा हिशेब करून पाहा. एकूण १५ मिनिटं. आत-बाहेर चालण्यात चार, पाणी, शौचालय, फिजिओत चार. उरली सात. भाषांतरामुळे निम्मा वेळ जातो, म्हणजे तुमच्या हातात साडेतीन मिनिटं. त्यात दोन मुद्दे बसतात. पाच सांगायला गेलात तर एकही पोचत नाही.

रीतभात बदलायची असेल तर जिथे खेळावर परिणाम होतो तेवढीच बदला. कोरियात वयाने लहान खेळाडू मोठ्यांना आदरार्थी शब्दांत हाक मारत, आणि त्यामुळे मैदानावर सूचना द्यायला कचरत. हिडिंक यांनी मैदानावर सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची, असा नियम केला. समाजातली रीत त्यांनी मोडली नाही, खेळाच्या ९० मिनिटांपुरती बाजूला ठेवली.

राष्ट्रीय संघाची नोकरी

क्लबच्या नोकरीत रोज सराव असतो, राष्ट्रीय संघाच्या नोकरीत दिवस मोजून मिळतात. नेहमीची फिफा विंडो, म्हणजे क्लबांनी खेळाडू राष्ट्रीय संघांना सोडायचे दिवस, सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या मंगळवारपर्यंत, त्यात दोन सामने. रविवारी क्लबसाठी खेळलेले खेळाडू सोमवारी-मंगळवारी दमून पोचतात, त्यामुळे पहिल्या सामन्याआधी खरे सराव दोनच होतात. तेवढ्यात बचावाची रचना आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किक) बसतात, बाकी नाही. म्हणून करारात शिबिरांचे जादा दिवस आधी मागा. हिडिंक यांना २००२ आधी कोरियात लांबलचक शिबिरं मिळाली होती, त्यातही २००१ मध्ये फ्रान्स आणि चेक प्रजासत्ताकाकडून ५-० ने हार पत्करावी लागली. रेहागल यांच्या ग्रीसनेही पहिला सामना फिनलंडकडून ५-१ ने गमावला होता. दोन्ही संघटना थांबल्या. तुमची संघटना थांबेल का, हे पहिल्या बैठकीत तोंडावर विचारा आणि मूल्यमापनाची तारीख व निकष लेखी घ्या.

निघताना

काढल्याचं पत्र लेखीच घ्या, त्यावर तारीख हवी. त्याच बैठकीत ‘सर्व येणी मिळाली’ असा कागद पुढे सरकवतात. पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्यावर सही करू नका, विमानाचं तिकीट अडवलं तरी. क्लबचा ईमेल बंद व्हायच्या आत करार, पगाराच्या पावत्या आणि पत्रव्यवहार स्वतःच्या खात्यावर घेऊन ठेवा. खेळाडूंची वैद्यकीय माहिती मात्र क्लबची आहे, ती नेऊ नका. सहाय्यकांचे करार तुमच्यासोबत संपतात की नाही ते त्याच दिवशी त्यांना सांगा.

काही देशांत नियोक्त्याने व्हिसा रद्द केल्यावर ठरावीक दिवसांत देश सोडावा लागतो आणि बँक खातं गोठतं. शेवटची रक्कम आणि घराची अनामत त्याच खात्यात येणार असेल, तर व्हिसा रद्द होण्याची तारीख पैसे जमा झाल्यानंतरची ठरवून घ्या. कर भरून झाल्याचा दाखला आणि क्लबकडून कामाच्या कालावधीचं पत्रही त्याच आठवड्यात मागा. पुढच्या देशाचं वर्क परमिट काढताना हे दोन्ही कागद मागतात, आणि तोवर जुन्या क्लबच्या कार्यालयातली माणसं बदललेली असतात.